पिटो नळी माउंटवर बसवणे : घरी बांधलेल्या विमानाबद्दल कोकणातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इथली माहिती किटवरून किंवा आराखड्यावरून स्वतः विमान बांधणाऱ्यांसाठी आहे. पंखाखाली खाली उतरणारा, पाण्याच्या थेंबाच्या आकाराचा पोकळ ॲल्युमिनियमचा माउंट आहे आणि त्याच्या टोकात हवेतला वेग मोजणाऱ्या 'एल' आकाराच्या पिटो नळीची मान सरकून चार स्क्रूंनी पक्की होते, असं गृहीत धरलं आहे. एएन ५८१२ (अमेरिकी लष्करी मानकातल्या) धाटणीच्या नळ्या आणि अलीकडचे बरेचसे कोनमापक प्रोब, म्हणजे वेगासोबत समोरच्या हवेशी पंखाचा कोनही मोजणाऱ्या नळ्या, असेच बसतात. तुमच्या नळीसोबत उत्पादकाचा कागद आला असेल आणि त्यात वेगळं सांगितलं असेल, तर त्या कागदाप्रमाणेच करा.

चार स्क्रूंच्या कामासाठी एवढा विचार कशाला?

कारण ते चार स्क्रू दर वर्षी काढावे लागणार आहेत. कोरड्या हवेत एकदा बसवलेली नळी दहा वर्षं तशीच राहिली तरी फार बिघडत नाही. रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला या पट्ट्यात खारा वारा आणि चार महिन्यांचा पाऊस मिळून स्टीलचा स्क्रू ॲल्युमिनियमला असा धरतो, की नंतर ड्रिल मारूनच तो काढावा लागतो. पुढच्या उत्तरांतल्या बहुतेक सूचना नळी नीट बसावी यासाठी आहेत, तशाच ती नीट निघावी यासाठीही आहेत.

पिटो नळी नेमकं काय मोजते?

समोरून येणारी हवा नळीच्या तोंडाशी थांबते आणि तिथला दाब वाढतो. आजूबाजूच्या स्थिर हवेच्या दाबापेक्षा तो किती जास्त आहे, हे वेगदर्शक दाखवतो. आंरी पिटो या फ्रेंच अभियंत्याने १७३२ मध्ये सेन नदीच्या प्रवाहाचा वेग मोजला तो याच तत्त्वावर.

हा फरक फार लहान असतो. समुद्रसपाटीला, प्रमाण हवेत, तो पाण्याच्या उंचीत असा येतो : ५० नॉटला ४१ मिमी, ६० ला ६० मिमी, ८० ला १०६ मिमी, १०० ला १६६ मिमी, १२० ला साधारण २४० मिमी. उतरताना ५०-६० नॉटच्या आसपास तुमचा सगळा भरवसा चार-सहा सेंटिमीटर पाण्याएवढ्या दाबावर असतो. म्हणून एखादा सैल जोड किंवा न दिसणारी फट इथे लगेच चूक दाखवते. पिटोच्या ओळीत, म्हणजे तिथून वेगदर्शकापर्यंत दाब नेणाऱ्या नळीत, गळती असेल तर वेग खरा असतो त्यापेक्षा कमी दिसतो.

माउंट पंखाखाली कुठे असावा?

इंजिनाच्या पंख्याच्या (प्रोपेलरच्या) झोताबाहेर, पंखाच्या अर्ध्या लांबीच्या आसपास किंवा त्याहून बाहेर, आणि खालच्या पत्र्यापासून किमान १३ ते १५ सेंमी खाली. पत्र्याला चिकटून वाहणारी हवा मंदावलेली असते, तिच्यात तोंड असेल तर आकडा खरा येत नाही. विमान दोरीने बांधायची कडी, दिवा, पायरी यांपैकी काहीही नळीच्या पुढे किंवा अगदी शेजारी नको. कडी निदान ३० सेंमी बाजूला असू द्या. किनाऱ्यावर विमान रोज बांधून ठेवावं लागतं आणि घाईत ओढलेली दोरी नळीला अडकते.

शेजारी हात जाईल असं तपासणीचं झाकण हवंच. पंख बंद करायच्या आधी याचा विचार केला तर सोपं जातं. नंतर पत्रा कापावा लागतो.

माउंट पंखाला पक्का कसा करायचा?

नुसत्या पत्र्याला नको. आतून १.६ मिमीची दुजोऱ्याची पट्टी, ६०६१-टी६ किंवा २०२४-टी३ या ॲल्युमिनियम मिश्रधातूची, आणि ती पट्टी जवळच्या रिबला (पंखाच्या फासळीला) किंवा स्पारच्या (पंखाच्या मुख्य कण्याच्या) फ्लॅंजला जोडलेली. रिव्हेटमधलं अंतर साधारण २५ मिमी, कडेपासून रिव्हेटच्या व्यासाच्या किमान दुप्पट. जोडण्यापूर्वी दोन्ही पृष्ठभागांवर प्रायमर मारा. दोन पत्र्यांमध्ये साचलेलं खारं पाणी बाहेरून दिसत नाही आणि पत्रा आतून पांढरी भुकटी होत जातो.

लाकडी किंवा फायबरच्या पंखात माउंटच्या बैठकीखाली घट्ट प्लायवूडचा किंवा काचतंतूच्या लॅमिनेटचा ठोकळा आतून चिकटवा. फोमवर थेट स्क्रू आवळला तर फोम दबतो आणि महिन्याभरात माउंट हलायला लागतो.

नळीची मान माउंटमध्ये सैल बसते. चालेल का?

हाताने सरकेल पण डुगडुगणार नाही, इतपत सैल हवी. रंग किंवा ॲनोडायझिंगमुळे घट्ट होत असेल तर ४०० नंबरच्या पॉलिशपेपरने माउंटचा आतला भाग घासा, नळीची मान घासू नका. अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जास्त फट असेल तर पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याची शिम घाला. ती फट सिलिकॉनने भरू नका. बाथरूमसाठी मिळणारं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतं आणि ॲल्युमिनियम खातं.

मागच्या बाजूला, थेंबाच्या शेपटाकडे, दोन-तीन मिलिमीटरची जागा मोकळीच ठेवा. पंखात शिरलेलं पाणी माउंटमधून खाली येतं आणि त्याला बाहेर पडायला वाट लागते.

नळीच्या मानेत आटे आधीच आहेत, पण माउंट कोरा आहे. होल नेमकी कुठे येतील हे कसं कळणार?

इथे सर्वात जास्त माउंट वाया जातात. फूटपट्टीने मोजून मारलेलं होल अर्धा मिलिमीटर चुकतं आणि चारही स्क्रू एकाच वेळी लागत नाहीत.

खात्रीची रीत खुणेच्या स्क्रूंची आहे. नळीच्या आट्यांत बसणारे बिनडोक्याचे छोटे स्क्रू घ्या आणि त्यांचं एक टोक ड्रिल मशीनमध्ये फिरवत कानशीने अणकुचीदार करा. टोक वर करून ते मानेत इतके बसवा की टोक जेमतेम अर्धा मिलिमीटर बाहेर राहील. मान माउंटमध्ये सरकवताना ही टोकं आतून ओरखडे काढतील, म्हणून आधी एका बाजूचे दोनच लावा. नळी हव्या त्या खोलीपर्यंत सरकवा, सरळ धरा आणि त्या बाजूला बाहेरून नायलॉनच्या हातोडीने हलकं ठोका. आतल्या पृष्ठभागावर टिंब उमटतं. ते बाहेर आणण्यासाठी आधी आतून १.५ मिमीचं मार्गदर्शक होल काढा. हात पोचत नसेल तर दुसरी रीत वापरा.

दुसरी रीत पारदर्शक पट्टीची. जाड प्लॅस्टिकची, फाइलच्या आवरणासारखी, पट्टी मानेभोवती घट्ट गुंडाळा, आट्यांच्या जागा बारीक पेनने टिपा, मानेची वरची कडही आखा. तीच पट्टी माउंटवर गुंडाळून खुणा उतरवा. माउंटची भिंत मानेच्या बाहेर असल्याने तिचा घेर मोठा असतो. १.६ मिमी भिंतीला घेर साधारण १० मिमीने वाढतो. त्यामुळे थेंबाच्या पुढच्या नाकापासून दोन्ही बाजूंना स्वतंत्रपणे मोजा, पूर्ण फेरा एका दमात मोजू नका.

रीत कुठलीही असो, पहिलं होल पूर्ण करा, स्क्रू लावा, नळी सरळ आहे का पाहा, मगच समोरच्या बाजूचं मारा. उरलेली दोन सर्वात शेवटी. होलचा मध्य माउंटच्या कडेपासून निदान ७ मिमी आत हवा, ८ ते १० असेल तर उत्तम.

कुठल्या मापाचं ड्रिल आणि टॅप?

अमेरिकी नळ्यांवर बहुधा ६-३२ चे आटे असतात : व्यास ३.५ मिमी, इंचाला ३२ आटे. टॅपसाठी (आटे पाडायच्या हत्यारासाठी) २.७ मिमी ड्रिल, माउंटमधल्या आरपार होलसाठी ३.६ ते ३.७ मिमी.

इथे एक सापळा आहे. एम ३.५ चा स्क्रू व्यासाने तेवढाच असतो, पण त्याच्या आट्यांतलं अंतर ०.६ मिमी आणि ६-३२ चं ०.७९ मिमी. तो पहिले दीड-दोन फेरे सहज जातो आणि मग अडकतो. अडकल्यावर पान्याने जोर दिला की नळीचे आटे गेले. स्क्रू शेवटपर्यंत बोटांनी फिरला पाहिजे. फिरला नाही तर तो चुकीचा आहे.

मान कोरी असेल आणि आटे तुम्हालाच पाडायचे असतील तर एम ४ निवडा. टॅपसाठी ३.३ मिमी ड्रिल, आरपार ४.३ मिमी. हे स्क्रू कुडाळला, चिपळूणला, कुठेही मिळतात आणि पाच वर्षांनी बदलायची वेळ आली तरी मिळतील. किमान तीन पूर्ण आटे धरले पाहिजेत. एम ४ ला ते २.१ मिमी होतात, ६-३२ ला २.४ मिमी. मानेची भिंत त्याहून पातळ असेल तर तिथे आटे पाडू नका, उत्पादकाला विचारा.

गरम होणाऱ्या नळीच्या मानेत हीटरच्या तारा आणि दाबाच्या बारीक नळ्या असतात. अशा मानेत अंदाजाने ड्रिल घालू नका. मानेची भिंत मोजा, ड्रिलला तेवढ्या खोलीवर अडथळ्याची कडी लावा. टेपची खूण पुरत नाही, कारण ॲल्युमिनियम किंवा पितळ पार होताना ड्रिल एकदम आत ओढलं जातं. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर मल्टिमीटरने हीटरचा रोध मोजा. दोन्ही आकडे सारखे यायला हवेत आणि हीटरची तार व नळीचं अंग यांच्यात जोड दाखवता कामा नये.

टॅप मारताना मान खाली तोंड करून धरा, म्हणजे किस बाहेर पडेल. दाबाच्या नळ्यांची टोकं आधीच टेपने बंद करा. ॲल्युमिनियमला रॉकेलचे दोन थेंब पुरतात. पितळेला कोरडं चालतं. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅपच्या खाचांत थोडं ग्रीस भरलं की किस त्यातच चिकटतो. नळीत राहिलेला एक कण पुढे वेगदर्शकापर्यंत जाऊ शकतो.

चपटे, आत बसणारे स्क्रू वापरू की गोल डोक्याचे?

दिसायला चपटे छान. पण ६-३२ च्या १०० अंशी चपट्या डोक्याची खोली जवळपास १.५ मिमी असते. माउंटची भिंत १.६ मिमीची असेल तर काउंटरसिंक केल्यावर, म्हणजे डोकं बसायला तिरकी खाच पाडल्यावर, खाली सुरीच्या धारेएवढी कड उरते. ती आवळताना चिरते आणि काही महिन्यांत होल लांबट होतं. भिंत २ मिमीहून जाड असेल तरच चपटे वापरा, नाहीतर गोल डोक्याचे. नळीचं तोंड त्यांच्या कितीतरी पुढे असल्याने मोजमापाला त्यांचा काहीही त्रास नाही.

चपटे घेतलेत तर कोन जुळवा. विमानाचे स्क्रू १०० अंशांचे असतात, बाजारातले मेट्रिक चपटे ९० अंशांचे. ९० च्या खाचेत १०० चं डोकं फक्त वरच्या कडेवर टेकतं आणि सैल होतं.

समुद्राजवळ कुठल्या धातूचे स्क्रू?

कॅडमियमचा मुलामा असलेले विमानाचे स्क्रू आतल्या भागात ठीक आहेत. उघड्यावर, किनाऱ्यावर, स्क्रूड्रायव्हरने एकदा खरवडलेला मुलामा पहिल्याच पावसाळ्यात तांबूस होतो. इथे ३१६ दर्जाचं स्टेनलेस घ्या, ज्याला ए४ म्हणतात. ३०४, म्हणजे ए२, वर्षभर टिकतं आणि मग त्यावर तपकिरी ठिपके येतात. चुंबकाने या दोघांत फरक कळत नाही, त्यामुळे डोक्यावरची ए४ ही खूण बघून घ्या. बोटींचं सामान विकणाऱ्या दुकानांत हा दर्जा मागितला की काय हवंय ते त्यांना कळतं.

स्टेनलेसची अडचण वेगळी. खारं पाणी मध्ये आलं की स्टेनलेस आणि ॲल्युमिनियम मिळून बॅटरी तयार होते आणि झिजतं ते ॲल्युमिनियम. म्हणून दोन धातूंमध्ये पाणी शिरूच न देणं हा खरा उपाय. काउंटरसिंक किंवा ड्रिल केलेल्या उघड्या कडांना क्रोमेटचा थर किंवा प्रायमर लावा. स्क्रूच्या डोक्याखाली आणि मान-माउंटच्या जोडावर ड्युरलॅकसारखी बेरियम क्रोमेटची पेस्ट पातळ पसरा. ती विषारी आहे, हातमोजे घाला आणि चिंध्या उघड्यावर जाळू नका. बोटींवर वापरतात ते टेफ-जेलही चालतं.

आट्यांना लॉकटाइट लावू की ग्रीस?

मध्यम ताकदीचं निळं लॉकटाइट (आटे पक्के धरणारा द्रव गोंद), प्रत्येक स्क्रूला एक लहान थेंब. ते कंपनाने सैल होऊ देत नाही आणि आट्यांतली पोकळी भरून काढत असल्याने खारं पाणीही अडवतं. लाल लॉकटाइट अजिबात नको, ते सोडवायला इतकी उष्णता द्यावी लागते की नळीच खराब होते. साधं ग्रीस पावसाने धुऊन जातं. लॉकटाइटचा ओघळ प्लॅस्टिकच्या नळीवर किंवा जोडावर जाऊ देऊ नका, काही प्लॅस्टिकांना त्याने तडे जातात.

आवळताना १ न्यूटन-मीटरच्या आत राहा. टॉर्क रेंच नसेल तर लहान मुठीचा स्क्रूड्रायव्हर तीन बोटांत धरून लागेल तेवढाच जोर. चारही स्क्रू आधी हलके, मग समोरासमोरचे आवळा.

स्क्रू निघत नाही किंवा आटे गेले आहेत. आता?

न निघणाऱ्या स्क्रूवर आत मुरणारं तेल टाका आणि रात्रभर थांबा. मग बरोबर मापाचा बिट लावून डोक्यावर हलके ठोके द्या आणि आधी आवळायच्या दिशेने किंचित फिरवून बघा. सोल्डरिंग गनचं टोक एक-दोन मिनिटं डोक्यावर टेकवलं तर निळं लॉकटाइट मऊ पडतं. गॅसची ज्योत नळीजवळ नेऊ नका.

आटे गेले असतील आणि भिंत जाड असेल तर एक माप मोठं घ्या किंवा तारेचं हेलिकॉइल बसवा. पातळ भिंतीत हेलिकॉइल धरत नाही. एम-सीलने आटे भरून स्क्रू पुन्हा घालणं हा उपाय नाही.

नळी किती सरळ हवी?

साधी, फक्त पिटो दाब घेणारी नळी प्रवाहाशी सुमारे १० अंशांपर्यंत तिरकी असली तरी फारशी चूक दाखवत नाही. त्याच नळीवर बाजूला स्थिर दाबाची छिद्रं असतील तर मात्र दोन-तीन अंशही कळतात. कोन मोजणाऱ्या प्रोबला उत्पादकाने दिलेली मर्यादा पाळा.

विमान सरळ उड्डाणाच्या स्थितीत ठोकळ्यांवर टेकवा, आराखड्यातल्या संदर्भरेषेवर पाणसळ लावा, मग नळीवर लावा. डावी-उजवी दिशा पाहायला पंखाच्या खाली ओळंबे सोडून विमानाच्या मध्यरेषेला समांतर दोरा ताणा. पहिल्या होलनंतर हे तपासा असं वर सांगितलं, त्याचं कारण हे. चार होलनंतर काही करता येत नाही.

दाबाच्या नळ्या जोडताना काय चुकतं?

बहुतेक गळत्या माउंटशी नसतात, त्याच्या वर एक वीत अंतरावर असतात.

पहिली चूक मापाची. विमानाच्या ओळी पाव इंची, म्हणजे ६.३५ मिमी. इथल्या एमआयडीसीतल्या न्यूमॅटिकच्या दुकानात मिळते ती ६ मिमी. ६ मिमीची नळी पाव इंचाच्या पुश-फिट जोडात शिरते, ओढली तर धरल्यासारखीही वाटते, आणि गळते. दोन्हीपैकी एकच माप ठरवा आणि सगळे जोड त्याच मापाचे घ्या.

दुसरी चूक आट्यांची. १/८ एनपीटी या अमेरिकी मापात इंचाला २७ आटे, ६० अंशी. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या १/८ बीएसपी या ब्रिटिश मापात २८ आटे, ५५ अंशी. दोन-तीन फेरे एकमेकांत जातात, टेप गुंडाळून आवळले की बसल्यासारखे वाटतात. टेफ्लॉन टेप तशीही जपून वापरा. पहिला-दुसरा आटा मोकळा ठेवा, नाहीतर टेपचा तुकडा सुटून नळीत अडकतो. पेस्ट जास्त बरी.

तिसरी फ्लेअरची, म्हणजे धातूच्या नळीच्या रुंदावलेल्या तोंडाची. विमानाचे एएन जोड ३७ अंशांचे. फ्रीज-एसी दुरुस्त करणाऱ्याकडचं फ्लेअरिंग टूल ४५ अंशांचं असतं. त्याने केलेला फ्लेअर नट आवळताना कडेला चिरतो.

आणि जोडण्याचा क्रम. आधी नळ्या माउंटमधून ओढून घ्या, जोडा, मग मान सरकवा. पंखाच्या आत १५-२० सेंमीचा सैल फेरा ठेवा, म्हणजे चार स्क्रू काढल्यावर नळी तळहातभर बाहेर येईल आणि जोड सोडवता येईल. हा फेरा न ठेवल्यामुळे लोक पुढे नळी काढायचंच टाळतात. कोनमापक प्रोबला दोन ओळी असतात. दोन्ही टोकांना रंगीत टेप लावा, कारण उलट जोडलेल्या ओळी नुसत्या पाहून कळत नाहीत. ओळीचा सर्वात खालचा बिंदू हात पोचेल तिथे आणा आणि तिथे पाणी काढायची सोय करा.

कोकणात गरम होणारी पिटो नळी हवी का?

ढगांबाहेर, दिवसा, खालच्या उंचीवर उडायचं असेल तर नाही. आपल्याकडे शून्य अंश तापमान साधारण ५ किलोमीटर उंचीच्या आसपास सापडतं. हीटर नसला की ८-१० अँपिअरचा भार, जाड तारा आणि वितळणाऱ्या प्लॅस्टिकची काळजी, सगळंच जातं.

बसवायचीच असेल तर नळीपासून पुढची निदान ३० सेंमी ओळ धातूची ठेवा आणि जमिनीवर हीटर काही सेकंदच चालवा. झाकण काढलेलं असल्याची खात्री करून.

गळती कशी तपासायची?

दोन मीटर पारदर्शक नळी फळीवर 'यू' आकारात बसवा, मागे मिमीची पट्टी लावा, मधोमध रंगीत पाणी भरा. एका टोकाला टी-जोड : त्याची एक बाजू मऊ रबरी नळीने पिटोच्या तोंडाला, दुसरी ५० मिलीच्या सिरिंजला. पिटोच्या बुडाचं पाणी जाण्याचं बारीक छिद्र लाल टेपने बंद करा आणि तशी चिठ्ठी कॉकपिटमध्ये डोळ्यांसमोर चिकटवा. सिरिंज अगदी सावकाश दाबा. दोन्ही बाजूंच्या पाण्यात १६६ मिमी फरक झाला की वेगदर्शक १०० नॉटच्या जवळ असायला हवा. म्हणजे गळतीबरोबर उपकरणाचीही चाचणी होते.

सिरिंजची नळी चिमटा लावून बंद करा आणि एक मिनिट पाहा. काटा दोन नॉटपेक्षा जास्त उतरला तर शोधायला लागा. एवढ्या कमी दाबाला साबणाचे फुगे दिसत नाहीत. ओळ मध्येच बंद करून अर्धी-अर्धी तपासत जा, म्हणजे तीन-चार वेळांत दोषी जोड सापडतो. संपल्यावर दाबही सावकाश सोडा.

ही चाचणी सकाळी, सावलीत करा. बंद नळीतली हवा एका अंशाने तापली तरी तिचा दाब सुमारे ३५ मिमी पाण्याएवढा वाढू पाहतो. पंखावर ऊन आलं की गळती असूनही काटा जागेवर राहतो, आणि ढग आला की नसलेली गळती दिसते.

स्थिर दाबाच्या ओळीसाठी सर्वमान्य मोजमाप असं : १००० फूट जास्त उंची दिसेल इतकं हलकं शोषण द्या, एका मिनिटात १०० फुटांपेक्षा जास्त उतरता कामा नये.

तोंडाने फुंकून बघितलं तर?

नको. माणूस सहज १० किलोपास्कल दाब देऊ शकतो, तो जवळपास २५० नॉटच्या बरोबरीचा आहे. २०० नॉटपर्यंतच्या वेगदर्शकाचा नाजूक पडदा त्यात कायमचा वाकतो. शिवाय तोंडातली वाफ ओळीत जाते. कॉम्प्रेसरची हवा मारायची असेल तर आधी उपकरणाकडचा जोड सोडा, आणि हवा उपकरणाच्या टोकाकडून पिटोच्या तोंडाकडे मारा.

कुंभारीण माशी पिटो नळीला खरंच इतका त्रास देते?

हो. मातीची घरं बांधणाऱ्या कुंभारणीला पाच-सहा मिलिमीटरचं, आडवं, सावलीतलं भोक हवं असतं. पिटो नळी तिच्यासाठी आयती जागा आहे, आणि एका दुपारीत ती तोंड लिंपून टाकते. ६ फेब्रुवारी १९९६ ला पुएर्तो प्लाताजवळ बिर्गेनएअरचं बोइंग ७५७ समुद्रात कोसळून १८९ जण गेले. विमान काही दिवस पिटोवर झाकण न लावता उभं होतं आणि तिथल्या अशाच माशीच्या घरट्याने एक नळी बंद झाली असावी, असं तपासात मानलं गेलं.

तोंड आणि बुडाचं छिद्र दोन्ही बंद झाले की वेगदर्शक उंचीमापकासारखा वागतो : वर जाताना वेग वाढताना दिसतो, खाली येताना कमी. वेग वाढतोय म्हणून नाक वर केलं की आणखी वाढतो. तोंड बंद आणि छिद्र उघडं असेल तर काटा शून्याकडे घसरतो.

म्हणून इंजिन बंद झाल्याबरोबर, विमान ढकलण्याच्याही आधी, झाकण लावा. लांब लाल पट्टी असलेलं आणि बुडाचं छिद्रही झाकणारं हवं. सड्यावरच्या धावपट्ट्यांची लाल धूळही त्याने अडते. घरटं सापडलं तर तार घालून आत ढकलू नका. नळी काढा, मागून कोमट पाणी सोडा, मातीला विरघळू द्या.

पावसाळ्यात काय करायचं?

मिरगाच्या आधी नळी काढा. स्क्रू, आटे, मानेभोवतीची पांढरी भुकटी तपासा. भुकटी असेल तर नायलॉन ब्रशने साफ करा, उघड्या धातूला प्रायमर, नवी पेस्ट. पोलादी ब्रश वापरू नका, त्याचे तुटलेले कण ॲल्युमिनियममध्ये रुतून तिथूनच गंज सुरू होतो. विमान चार महिने उभंच राहणार असेल तर नळी घरात कोरड्या डब्यात ठेवा, पंखातल्या ओळींना टोप्या लावा आणि माउंटच्या तोंडाला जाळी बांधा.

उडणं चालू असेल तर दर आठवड्याला झाकण लावून गोड्या पाण्याने धुवा. बुडाचं छिद्र मेणाने किंवा रंगाने बुजलेलं नाही ना, हे धुतल्यावर पाहा. ते मोठं करू नका. त्याच मापावर नळीचं मोजमाप ठरलेलं असतं.

बसवून झाल्यावर कागदोपत्री काय लागतं?

भारतात विमान उडवायच्या आधी डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) नोंदणी आणि परवानगी लागते, आणि पिटो-स्थिर दाबाची चाचणी लॉगबुकात तारखेसह हवी. स्क्रूचं माप, दर्जा आणि लॉकटाइटचा प्रकारही तिथेच लिहा. पाच वर्षांनी नळी काढणारा माणूस कदाचित दुसराच असेल.

पहिल्या उड्डाणात वेग बरोबर आहे हे कसं समजेल?

धावपट्टीवर वेग घेताना काटा हलला पाहिजे. पायलटने ठरवलेल्या खुणेपर्यंत हलला नाही तर थ्रॉटल मागे. पहिल्या काही उड्डाणांनंतर मोजमाप करा : एकाच उंचीवर, एकाच दर्शक वेगाने चार दिशांना उडा, प्रत्येक वेळी जीपीएसचा जमिनीवरचा वेग लिहा आणि सरासरी काढा. चारही दिशा एकमेकींना काटकोनात हव्यात. वारा जोराचा नसेल तर सरासरीतून तो जवळपास निघून जातो. ही सरासरी खऱ्या हवाई वेगाशी ताडायची असते, दर्शक वेगाशी नाही. ३००० फुटांवर खरा वेग दर्शक वेगापेक्षा सुमारे ५ टक्के जास्त असतो, आपल्याकडच्या उष्ण दिवसात आणखी दोन-तीन टक्के.

हे काम पहाटे करा, मतलई वारा पडता पडता आणि खारा वारा सुटायच्या आत. दुपारी किनाऱ्यावर आणि दोन किलोमीटर आत वारा वेगळा असतो आणि चार दिशांचे आकडे जुळत नाहीत. उंची-तापमानाची ही दुरुस्ती केल्यावरही सगळ्या वेगांना सारखीच चूक उरली तर स्थिर दाबाच्या छिद्रांची जागा तपासा. कमी वेगाला चूक जास्त आणि जास्त वेगाला कमी असेल तर नळीचा कोन पाहा, मग सगळे जोड पुन्हा एकदा.